नव्वद दिवसांतले नऊ उपास

नाशिकमधल्या सातपूरच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळखीच्या खुणा बदलून:

वय 36, कंपनीत तीन पाळ्यांची नोकरी. घरात बायको, सहा वर्षांची मुलगी आणि 63 वर्षांची आई. आई माळकरी, तीस वर्षांत एकही एकादशी चुकवलेली नाही. दहा वर्षांपासून मधुमेह, दोन गोळ्या चालू. तीन वर्षांपूर्वी वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हापासून तिने संकष्टीही धरली. मागच्या महिन्यात साखरेच्या एचबीएवनसी चाचणीचा आकडा 8.9 आला. गेल्या एकादशीला सकाळची गोळी घेतलेली, पोटात दोन कप चहा आणि एक केळं. संध्याकाळी हरिपाठाला बसली असताना तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि ती भिंतीला टेकली. मुलाने सगळ्या बायकांसमोर आवाज चढवला, ‘विठ्ठल येणार आहे का तुला दवाखान्यात न्यायला?’ त्या दिवसापासून आई कामापुरतंच बोलते. एरवी ती इतकी मायाळू, की सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला घरी आलं तरी न जेवता ताट वाढून जागी असते. आता तिने सांगितलंय की या चातुर्मासात चारही महिने एकभुक्त राहणार. वाचक विचारतात, ‘आईची ही अंधश्रद्धा कशी सोडवू? की तिच्या मनासारखं होऊ देऊ?’ शेवटी एक ओळ आहे: ‘मलाही वर्षभरापूर्वी बीपीची गोळी सुरू झाली, पण तो विषय वेगळा.’

नमस्कार,

आधी जे थांबण्यासारखं नाही ते सांगते. दरदरून घाम आणि हातांची थरथर ही बहुतेक वेळा साखर एकदम उतरल्याची लक्षणं असतात. मधुमेहाच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइडच्या जातीच्या, पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. सकाळी अशी गोळी आणि दिवसभर दोन चहा, एक केळं, मग संध्याकाळी दुसरं काय होणार? नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी, इन्सुलिन घेणाऱ्यांना मोठा. आईंच्या गोळ्यांची पाकिटं आज रात्री हातात घ्या आणि नावं वाचा. त्या दहा वर्षं गोळ्या घेताहेत आणि तुमच्या एवढ्या लांब पत्रात एकाही गोळीचं नाव नाही, हे मला लागलं.

पुन्हा तसं झालं तर बोलत बसू नका. बोटाला टोचून मोजा. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खाली असेल तर पुन्हा पाजा. मीटर जवळ नसेल तर न मोजताच पाजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. आणि साखरपाण्याने एकादशी मोडत नाही, हे आईंशी आधीच, घर शांत असताना बोलून ठेवा. घाम फुटलेल्या माणसाला त्या वेळी काही पटत नसतं.

आता तुमचा प्रश्न. उपासांमुळे आईंची साखर वाढली असं तुम्ही धरून चालला आहात. जरा हिशेब करू या. एचबीएवनसी ही चाचणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. तीन महिन्यांत एकादश्या सहा आणि संकष्ट्या तीन. नव्वद दिवसांतले नऊ. एवढ्या नऊ दिवसांनी सरासरी 8.9 वर जाईल का? उरलेल्या एक्क्याऐंशी दिवसांत तुमच्या घरी काय शिजतं, कोण किती वाजता जेवतं, चहा किती वेळा होतो आणि त्यात साखर किती पडते, यातलं पत्रात काही नाही. उपास तेवढा तुमच्या डोळ्यांवर येतो, कारण तो एकट्या आईंचा आहे. एक्क्याऐंशी दिवस अख्ख्या घराचे आहेत.

आणि त्यातली एक गोष्ट तुम्हीच सांगून गेलात. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात आई रात्री साडेबारापर्यंत न जेवता थांबतात. तुम्ही ते मायेची खूण म्हणून लिहिलंय, आणि माया ती आहेच. पण मधुमेहाची गोळी घेणारी बाई मध्यरात्रीनंतर जेवते आणि जेवली की झोपते, असं तीन आठवड्यांतला एक अख्खा आठवडा चालतं. नऊ उपासांवर तुम्ही आवाज चढवलात. हे जेवण तुमच्यासाठी होतं, म्हणून ते कोणाच्या लेखी आलंच नाही.

त्यांना ‘थांबत जाऊ नकोस’ म्हणून बघा, ऐकणार नाहीत. ताट वाढण्याचं त्यांचं काम काढून घेऊ नका. आठ वाजता नातीबरोबर त्यांचं जेवण होऊ द्या. नातीला सांगून ठेवा की आजी जेवल्याशिवाय तिने जेवायचं नाही, ती हे काम तुमच्यापेक्षा चोख करेल. मग साडेबाराला आल्यावर त्या तुमच्यासमोर बसल्या तर बसू देत. हातात हवं तर अर्धी वाटी ताक. पोराला जेवताना बघणं, एवढंच त्यांना हवं असेल.

‘अंधश्रद्धा’ हा शब्द मला तुमच्या पत्रातून खोडावासा वाटतो. विठ्ठलाचं नाव घेतल्याने साखर उतरते असं मी म्हणणार नाही. आईही तसं म्हणत असतील असं वाटत नाही, कारण त्या गोळ्या घेतात. पण ज्या बाईने तीस वर्षांत, म्हणजे सातशेच्या वर एकादश्या झाल्या असतील, एकही चुकवली नाही, तिच्याइतकी नेमाची पक्की बाई तुम्हाला कुठे भेटणार? पथ्य म्हणजे तरी काय, रोजचा नेमच. तुम्ही जे मोडायला निघाला आहात, तेच तुमच्या सगळ्यात उपयोगाचं आहे.

माझ्या वडिलांचं सांगते. आम्ही पंचवटीतले. बाबा रोज पहाटे रामकुंडावर जायचे, मग कपालेश्वर, मग काळाराम, सगळं अनवाणी. मधुमेह पंधरा वर्षांचा, तळपायांची जाणीव बरीच गेलेली. मी माहेरी आले की चपलांवरून त्यांच्याशी भांडायची, तुमच्यासारखीच, चारचौघांत. एका सकाळी आईला त्यांच्या चादरीवर पायाच्या बाजूला तपकिरी डाग दिसला. बाबांनी पायाला धोतराची चिंधी बांधली होती, आत हळद दाबलेली. काचेचा तुकडा घुसून दोन दिवस झाले होते. त्यांना टोचल्याचं कळलं नव्हतं, आणि रक्त दिसल्यावर त्यांनी ते लपवलं, कारण मी ओरडेन. ती जखम भरायला चार महिने लागले आणि पायाचं एक बोट गेलं. ओरडल्याने बाबांनी चपला घातल्या नाहीत, लपवायला मात्र शिकले. आजही ती चिंधी आठवली की मला माझाच आवाज ऐकू येतो.

त्यांना चपला घातल्या त्या घाटावरच्या एका वृद्ध गुरुजींनी. एवढंच म्हणाले, ‘देवळाच्या पायरीपर्यंत घालून या हो, पायरीवर काढा.’ बाबांनी दुसऱ्या दिवसापासून घातल्या. आणि आई रोज रात्री जमिनीवर हातआरसा ठेवून त्यांचे तळपाय त्यात बघायची. तुमच्या आईंसाठीही हे दोन्ही करा. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून सातपूरवरून जाते तेव्हा त्या चार पावलं चालत असतील. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला कितीतरी माळकरी बायका अनवाणी जातात. लहान फेरीसुद्धा वीस किलोमीटरच्या आसपास, त्यात पाऊस, चिखल आणि खडी. मधुमेह असलेल्या पायांनी ती अनवाणी करू नये, यात मी तडजोड सांगणार नाही. बूट घ्यायला संध्याकाळी न्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, माप तेव्हाचं घ्यावं.

आईंना तुमच्याकडून पटणार नाही ते कोणाकडून पटेल, याचा विचार करा. भजनी मंडळाचे बुवा, गळ्यात माळ घालणारे महाराज, मंडळातली समवयस्क मैत्रीण. आजाऱ्याने, म्हाताऱ्याने, लेकुरवाळीने झेपेल तेवढंच करावं, हे आपल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलंय. कशाकशाने व्रत मोडत नाही हे सांगणारा एक जुना श्लोक आहे, त्यात आठ गोष्टी येतात: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. पुष्कळ घरांत गोळीने उपास मोडतो म्हणून त्या दिवशी गोळीच घेत नाहीत. त्यांनी त्या यादीतला शेवटचा शब्द लक्षात ठेवावा.

आता एकभुक्ताचं. चार महिने एकदाच जेवण आणि वर हीच गोळी, हे मला भीतीदायक वाटतं. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते सुरू होता कामा नये. मात्र ‘एकभुक्त राहायचं नाही’ एवढंच सांगून थांबलात तर चातुर्मास रिकामा जाईल, आणि माळकरी बाईला ते सोसणार नाही. चातुर्मासाचा नेम काय धरायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगं, कोणी आवडीचा एखादा पदार्थ, कोणी लक्ष वाती वळायला घेतं. मग चहातली साखर का सोडू नये? तीन वेळा चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे धरले, तर दिवसाला सहा चमचे होतात. एक दिवसाचा उपास त्यापुढे सोपा वाटेल, इतका हा नेम कठीण आहे. मनापासून देवाला वाहता येईल असा आहे. दुसरा नेम रात्रीच्या जेवणानंतर देवळापर्यंत चालत जाण्याचा. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी त्या जेवणाने चढणारी साखर कमी चढते. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चला म्हणालात तर त्या येणार नाहीत, ट्रॅकसूटवाल्यांत लुगड्यातली बाई अवघडते. देवळात येतील. वारकऱ्याला चालणं काय शिकवायचं, नाथांची पालखी पंढरपूरला पोचेपर्यंत जवळपास महिनाभर चालते.

गोळ्यांची डबी स्वयंपाकघरातून काढून देवघरात, निरांजनाशेजारी ठेवा. तुळशीला पाणी घालण्याची वेळ त्या चुकवत नाहीत, गोळीचीही चुकणार नाही. फक्त गोळी जेवणाआधीची की नंतरची, हे पाकिटाशी ताडून बघा.

डॉक्टरांकडे जाताना भिंतीवरचं कॅलेंडर काढून सोबत न्या. पुढच्या तीन महिन्यांतल्या एकादश्या, संकष्ट्या, श्रावणी सोमवार यांवर आईंनी स्वतः पेनाने गोल करावेत आणि प्रश्नही आईंनीच विचारावा: ‘या दिवशी कुठली गोळी, किती आणि केव्हा?’ तुम्ही बाजूला गप्प बसा. ‘डॉक्टर, हिला सांगा उपास सोडायला’ हे वाक्य तोंडातून काढू नका. उपासाच्या दिवशी काही गोळ्यांचं प्रमाण कमी करतात, काहींची वेळ बदलतात. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी असेल तर ते आवर्जून सांगा, कारण ती लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढते आणि कडक उपासात अंगाला महागात पडू शकते. पण हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं. घरच्या घरी गोळी अर्धी करणं, चुकवणं, दोन्ही नको. रमजानचे रोजे किंवा पर्युषणातले उपास करणाऱ्या घरांनीही असंच, उपास सुरू होण्याच्या सहा-आठ आठवडे आधी जाऊन यावं. आदल्या दिवशी धावपळ करून काही होत नाही.

डॉक्टर कदाचित उपास बंदच करा म्हणतील. मूत्रपिंडांवर परिणाम झाला असेल, साखर वरचेवर उतरत असेल, इन्सुलिन सुरू करावं लागलं, तर तसं म्हणू शकतात, आणि मग ते ऐकावं लागेल. त्या दिवशी ‘सोडून दे’ म्हणू नका. आपल्याकडे व्रताचं उद्यापन करतात. तीस वर्षांच्या एकादशीचं रीतसर उद्यापन करा, मंडळाला बोलवा, चार जणांना जेवू घाला. पुढे एकादशीला नामजप आणि हरिपाठ राहतोच. अर्धवट सुटलेल्या व्रताची रुखरुख माणसाला आयुष्यभर खाते.

फराळाचंही पाहायला हवं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅममध्ये 85 ग्रॅमच्या वर, प्रथिनं नावापुरती. वर बटाटा आणि तूप. आपण इतक्या भक्तिभावाने खातो तो साबुदाणा मुळात दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कंदाचा, आणि आपल्याच पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरउतारांवर पिकणारी वरई, म्हणजे भगर, ताटाच्या कडेला. भगरीनेही साखर वाढते, हे नीट लक्षात ठेवा. पण एक वाटी भगर, दाण्याची आमटी, लाल भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक असं ताट असलं तर साखर सावकाश चढते आणि पोटही भरतं. राजगिऱ्याची भाकरी चांगली. रताळं उकडून, तेही अर्धं. दिवसात एकदाच डोंगरभर खाण्याऐवजी तीन वेळा थोडं थोडं. भगर बंद पाकिटातली, तारीख बघून आणा आणि पीठ हवं तर घरी दळा. पावसाळी दमट हवेत तिला बुरशी पटकन धरते आणि त्यातून दर नवरात्रात, महाशिवरात्रीला कुठे ना कुठे विषबाधा होते. बारस सोडताना शिरा आणि पेढा नको, साधं वरण-भात-भाजी असू द्या. देवळातला प्रसाद चिमूटभर घ्यावा, उरलेला नातीच्या हातावर.

आता तो ‘वेगळा विषय’.

तुमचे वडील हृदयविकाराने गेले, आई मधुमेही, तुम्ही 36 व्या वर्षी रक्तदाबाच्या गोळीवर, नोकरी पाळ्यांची. हा विषय वेगळा कसा? तीन वर्षांपूर्वी आईंनी संकष्टी का धरली, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का? नवरा गेला त्याच वर्षी गणपतीचा उपास धरणारी बाई काय मागत असेल, याचा मला अंदाज आहे, पण उत्तर त्यांच्या तोंडून ऐका. तुमच्या रागामागे जी धास्ती आहे, तीच त्यांच्या उपासामागे असू शकते. दोघंही एकमेकांना जगवायला बघताय. त्या जेवण सोडून, तुम्ही आवाज चढवून.

म्हणून चातुर्मासाचा एक नेम तुम्हीही धरा. दिवसभरात सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण. रविवारी मळ्यातली मिसळ, वर जादा फरसाण आणि पापड, रात्री टीव्हीसमोर चिवडा, दुपारच्या डब्यात लोणचं, यात तो चमचा किती वेळा भरतो बघा. मी मिसळ सोडायला सांगणार नाही, नाशिककराला ते सांगण्यात अर्थ नाही. महिन्यातून एकदा खा, त्या दिवशी फरसाण अर्धं. पण घरातला चिवड्याचा डबा चार महिने बंद. त्या डब्यावर आईंच्या हाताने तुळशीपत्र ठेवून घ्या. त्यांच्या चहातली साखर आणि तुमचा चिवडा एकाच दिवशी, आषाढी एकादशीला सुटू द्या. बायकोलाही यात घ्या. पत्रभर तिचा उल्लेख एकदाच आला आहे, आणि एक्क्याऐंशी दिवसांचा बराचसा स्वयंपाक तिच्याच हातचा असणार. नवे बेत तिच्यावर परस्पर लादू नका, ताटात काय पडेल हे तिच्यासोबत बसून ठरवा.

राहिली माफी. तुम्ही हरिपाठाला जमलेल्या सगळ्या बायकांसमोर बोललात, आईंच्या देवावर बोललात. स्वयंपाकघरात हळूच ‘सॉरी आई’ म्हटल्याने ते पुसलं जाणार नाही. येत्या एकादशीला सेकंड शिफ्ट असेल तर पाळी बदलून घ्या. हरिपाठ सुरू व्हायच्या आधी तिथे जा, त्याच बायकांसमोर आईंच्या पाया पडा आणि म्हणा, ‘बाबांसारखं तुझंही काही होईल म्हणून घाबरलो होतो.’ लांबलचक बोलू नका. मग त्यांच्या शेजारी बसा. पिशवीत ग्लुकोमीटर, खिशात साखरेची पुडी, मांडीवर लेक. हरिपाठ संपेपर्यंत उठू नका.